मुरगळलेल्या घोट्यांचा हिशेब

पावसाळा ओसरू लागतो तसा जालना जिल्ह्यातल्या शाळांमध्ये खो-खोचा सराव जोर धरतो. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चढत जाणाऱ्या शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच. ते सामने गादीवर झाले. मंठा, परतूर किंवा भोकरदनच्या खेड्यातली मुलगी मात्र मुरमाच्या नाहीतर काळ्या मातीच्या मैदानावर, बहुधा अनवाणी, खुंटाला वळसा घालते. काळी माती पावसात चिकटते आणि उघडीप मिळाली की टणक होऊन भेगाळते. अशा जमिनीवर वेगात वळताना तळपाय आत दुमडला की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात, काही वेळा फाटतात. पाय मुरगळला, असे आपण म्हणतो.

एका हंगामात असे किती पाय मुरगळतात? क्रीडाशिक्षकांना विचारले तर "होतंच की अधूनमधून" असे उत्तर मिळते. कुणी दोन सांगतो, कुणी दहा. मुरगळलेला पाय गावात कुणाकडून तरी चोळून 'बसवून' घेतला जातो आणि मुलगी चौथ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरते. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, हे जगभरच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. चौदाव्या वर्षीची दुर्लक्षित लचक सोळाव्या वर्षी खेळ सोडायला लावू शकते.

या विषयावर संशोधन व्हायला हवे आणि ते करायला माणसेही आहेत. जालना जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. शारीरिक शिक्षणात एम.पी.एड. किंवा पीएच.डी. करणारे विद्यार्थी दरवर्षी शोधप्रस्ताव लिहितात, भौतिकोपचाराचे पदव्युत्तर विद्यार्थीही लिहितात. खेळाडूंच्या दुखापती टाळणे, झालेली दुखापत मैदानावरच ओळखणे आणि खेळाडूला पुन्हा खेळण्यायोग्य करणे, या कामाला अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनिंग म्हणतात. तिथे या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली. आपल्याकडे हेच काम क्रीडाशिक्षक, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि गावचा डॉक्टर यांच्यात वाटले गेले आहे. म्हणूनच त्यावरचा प्रस्ताव कसा घडतो हे शाळेतल्या शिक्षकांनीही पाहावे, असे आम्हाला वाटते. माहिती शेवटी त्यांच्याच वहीतून येणार आहे.

नेहमीचा प्रस्ताव साधारण असा असतो: 'जालना जिल्ह्यातील माध्यमिक शाळांतील खो-खो खेळाडूंच्या शारीरिक सुदृढतेवर विशिष्ट प्रशिक्षण कार्यक्रमाचा होणारा परिणाम: एक अभ्यास'. तीस मुले घ्यायची, सहा आठवडे व्यायाम द्यायचा, आधी आणि नंतर चाचणी घ्यायची आणि फरक 'लक्षणीय' आला की प्रबंध बांधायला द्यायचा. फरक येतोच. सहा आठवड्यांत मूल थोडे वाढते, चाचणी दुसऱ्यांदा देताना सरावलेले असते आणि आपल्याकडे कुणी पाहत आहे हे कळले की जास्त जोर लावते. व्यायाम न करतासुद्धा आकडे सुधारले असते. शिवाय 'शारीरिक सुदृढता' या शब्दांत वेग, दम, लवचीकता, ताकद असे इतके काही मावते की त्यातले काहीतरी वाढलेले सापडणारच. अशा प्रस्तावात चूक उत्तर मिळायला जागाच नसते आणि त्यामुळे बरोबर उत्तरही मिळत नाही.

मग सुरुवात कुठून करायची? नेदरलँड्सच्या विलेम व्हॅन मेकेलन यांनी सहकाऱ्यांसह १९९२ साली एक साधा क्रम मांडला आणि क्रीडा-दुखापतींच्या क्षेत्रात तो आजही वापरला जातो. आधी दुखापती किती आणि किती गंभीर हे मोजायचे. मग त्या का आणि कशा होतात ते शोधायचे. त्यावरून उपाय आखायचा आणि शेवटी पहिली मोजणी पुन्हा करून उपाय लागू पडला का ते पाहायचे. आपल्याकडचे बहुतेक प्रस्ताव थेट तिसऱ्या पायरीवर उडी घेतात. जालन्याच्या खो-खोपटूंची पहिली पायरीच झालेली नसेल तर तिथूनच सुरू करावे. त्यात कमीपणा नाही.

मोजणी सोपी वाटते, पण ती भिन्नांकातल्या छेदावर अडते. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका शाळेत हंगामात सहा घोटे मुरगळले, दुसरीत दोन. पहिली शाळा वाईट म्हणायची का? पहिल्या शाळेत ३० मुले आठवड्यातून सहा दिवस, असे दहा आठवडे खेळली. एक मूल एका सरावाला उतरले की एक 'खेळवेळ' मोजू. पहिल्या शाळेच्या खेळवेळा ३० × ६ × १०, म्हणजे १,८०० झाल्या. दुसरीत १२ मुले आठवड्यातून दोनदाच खेळली, म्हणजे खेळवेळा २४०. दर हजार खेळवेळांमागे पहिल्या शाळेत ३.३ लचका आणि दुसरीत ८.३. चित्र उलटे झाले. म्हणून प्रस्तावात दुखापतींच्या नोंदीइतकीच सरावाच्या हजेरीची नोंद महत्त्वाची असते. हजेरीपट हे शिक्षकांच्या हातातले सर्वांत जुने मोजमापाचे साधन आहे, फक्त ते वर्गातून मैदानावर न्यायचे.

आता अंश. लचक म्हणजे नेमके काय? मराठीत लचक, मुरगळ, उसण, शीर चढणे असे शब्द सैल वापरले जातात आणि एका शाळेची लचक दुसऱ्या शाळेत 'काही झालं नाही' ठरते. व्याख्या अशी हवी की दोन अनोळखी शिक्षक एकच घटना पाहून एकच नोंद करतील. उदाहरणार्थ: 'खो-खोच्या सरावात किंवा सामन्यात घोटा वळल्यामुळे वेदना झाली आणि खेळाडू त्यानंतरच्या किमान एका सरावात भाग घेऊ शकला नाही.' ही व्याख्या किरकोळ मुरगळ वगळते, पण पडताळता येते. तिची एक अडचण मात्र आधीच ओळखायला हवी. संघातून नाव कटेल, क्रीडागुण जातील या भीतीने मुले दुखणे लपवतात आणि लंगडत खेळतात. अशी लचक या व्याख्येत बसत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाला एकट्याला विचारावे: "या आठवड्यात घोटा दुखला का? दुखत असताना खेळलास का?" हा रकाना वेगळा ठेवायचा, पहिल्या आकड्यात मिसळायचा नाही.

इथवर आल्यावर उत्साही विद्यार्थी म्हणतो, मोजणी ठीक, पण मला उपाय करून पाहायचा आहे. एका पायावर उभे राहण्याचे, डोळे मिटून तोल सावरण्याचे व्यायाम दिले तर लचका कमी होतील का? प्रश्न उत्तम आहे आणि त्याला आधारही आहे. अस्थिबंधांत आणि स्नायूंत अशा संवेदनाग्राही रचना असतात की सांधा किती वाकला आहे हे न पाहताही आपल्याला कळते. घोटा मुरगळला की ही जाणीव बोथट होते आणि तोलाच्या सरावाने ती सुधारते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात टिमोथी मॅकग्वाइन आणि जेम्स कीन यांनी माध्यमिक शाळांतल्या ७६५ फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंवर हाच प्रयोग केला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तोलाचे व्यायाम करणाऱ्या ३७३ मुलामुलींपैकी ६.१ टक्के जणांचा घोटा मुरगळला, न करणाऱ्या ३९२ पैकी ९.९ टक्के जणांचा. दर हजार खेळवेळांमागे हे आकडे अनुक्रमे १.१३ आणि १.८७ होते.

हेच जालन्यात करायचे तर किती मुले लागतील? अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना जमेल असे हे गणित आहे. व्यायाम न करणाऱ्यांत लचकेचे प्रमाण १० टक्के आणि करणाऱ्यांत ६ टक्के असेल असे धरू. योगायोगाला फसण्याची जोखीम पाच टक्के ठेवायची आणि खरा फरक हाती लागण्याची शक्यता ऐंशी टक्के हवी असेल, तर सूत्रात ७.८४ हा गुणक येतो. (१.९६ आणि ०.८४ यांच्या बेरजेचा तो वर्ग आहे.) प्रत्येक गटातली संख्या अशी:

७.८४ × (०.१० × ०.९० + ०.०६ × ०.९४) ÷ (०.०४ × ०.०४) = सुमारे ७१७

दोन गटांची मिळून १,४३४ मुले. पण हिशेब इथे संपत नाही. एकाच शाळेतल्या अर्ध्या मुलांना व्यायाम द्यायचा आणि अर्ध्यांना नाही, हे प्रत्यक्षात होत नाही. उरलेली मुले बघून तेच करू लागतात. म्हणून नाणेफेक मुलांची नव्हे, शाळांची करावी लागते. आणि एका शाळेतली पंधरा मुले म्हणजे पंधरा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. मैदान एक, सर एक, सरावाची पद्धत एक. एकाच घरातल्या पंधरा माणसांना विचारून सगळ्या गावाचे मत ठरवावे तसे ते होईल. हे सारखेपण किती, याचा अंदाज ०.०३ धरला तर लागणारी संख्या १ + १४ × ०.०३, म्हणजे १.४२ पटीने वाढते. एका गटात १,०१८ मुले, म्हणजे ६८ शाळा. दोन्ही गटांच्या मिळून १३६ शाळा, आठ तालुक्यांत पसरलेल्या, आणि विद्यार्थ्याकडे एक वर्ष आणि एसटीचा पास.

कुणी विचारील, मग विस्कॉन्सिनवाल्यांना ७६५ मुलांत कसे जमले? त्यांचा निकाल निसटता होता. खरा फरक नसतानाही इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता त्यांच्या गणितात शंभरात चार होती. तेवढ्या मुलांवर तोच प्रयोग पुन्हा केला तर उत्तर नक्की दिसेलच असे नाही. प्रसिद्ध झालेला फरक जसाच्या तसा उचलून त्यावर आपला प्रस्ताव बेतणे धोक्याचे आहे.

प्रस्ताव लिहिताना हा क्षण सर्वांत महत्त्वाचा, असे आमचे मत आहे. कागदावर ७१७ हा आकडा आला की तीन वाटा उरतात. पहिली, आकडा लपवून तीस मुलांवर प्रयोग करणे. ही वाट फार वहिवाटीची आहे. तीस मुलांत हंगामभरात दोन-तीन लचका होतील आणि त्यांतून काहीच सिद्ध होणार नाही. मग 'व्यायामाचा परिणाम आढळला नाही' असे लिहिले जाईल आणि एक उपयोगी उपाय नाहक बदनाम होईल. दुसरी, मोजायची गोष्ट बदलणे. तिसरी, प्रश्न लहान करणे.

दुसऱ्या वाटेचे असे. लचक ही 'झाली किंवा नाही' अशी आणि विरळ घटना आहे. तोल मात्र प्रत्येक मुलाचा मोजता येतो. जमिनीवर खडूने तीन रेघा आखायच्या, मधोमध एका पायावर उभे राहायचे, दुसरा पाय प्रत्येक रेघेवर तोल न जाऊ देता जितका लांब नेता येईल तितका न्यायचा आणि ते अंतर पायाच्या लांबीच्या टक्क्यांत लिहायचे. खर्च खडू आणि टेपचा. समजा मुलामुलांतला स्वाभाविक फरक, म्हणजे प्रमाण विचलन, ८ टक्के आहे आणि आपल्याला सरासरीत ४ टक्क्यांची सुधारणा ओळखायची आहे. तर गटाला ६३ मुले पुरतात. (आकडे उदाहरणादाखल आहेत. खऱ्या प्रस्तावात ते आधी वीस-पंचवीस मुलांची चाचणी घेऊन काढावेत आणि शाळांची नाणेफेक असेल तर इथेही वाढवावेत.) हे एका वर्षात होण्यासारखे आहे. मात्र तोल सुधारला म्हणजे लचका कमी झाल्या, असे निष्कर्षात लिहिता येणार नाही. तोल ही मधली पायरी आहे. प्रस्तावाच्या शीर्षकातच तोल म्हणावे, दुखापत म्हणू नये.

तिसरी वाट आम्हाला जास्त पसंत आहे: उपाय बाजूला ठेवून नीट मोजणी करायची. वीस शाळा, प्रत्येकी पंधरा खेळाडू, बारा आठवडे, आठवड्यातून पाच सराव. हजेरी ऐंशी टक्के धरली तर १४,४०० खेळवेळा होतात. आपल्या मुलांचे प्रमाण विस्कॉन्सिनच्या व्यायाम न करणाऱ्या गटाइतकेच निघाले तर सुमारे २७ लचका अपेक्षित आहेत. अशा विरळ घटनांच्या मोजणीत अनिश्चितता ढोबळमानाने वर्गमुळाच्या दुप्पट असते. २७ चे वर्गमूळ ५.२, म्हणजे खरे उत्तर १७ ते ३७ च्या आसपास. हा पट्टा रुंद आहे, पण "होतंच की अधूनमधून" यापेक्षा बराच अरुंद आहे. आणि पुढच्या वर्षी कुणी व्यायामाचा प्रयोग करू म्हणेल तेव्हा १० टक्के हा परक्या देशातला आकडा न वापरता आपला आकडा वापरता येईल.

२७ घटनांकडून किती काम करून घ्यायचे यालाही मर्यादा आहे. विद्यार्थ्याला वाटते, वय, वजन, उंची, पादत्राण, मैदान, आधीची लचक, आहार, झोप, सगळेच विचारू आणि कशाचा संबंध आहे ते पाहू. ढोबळ नियम असा, की एका कारणाची छाननी करायला किमान दहा घटना हव्यात. म्हणजे आपल्या पदरात दोन कारणे, ओढूनताणून तीन. आमची निवड अशी: घोटा पूर्वी मुरगळला होता का, आणि मैदान मातीचे, मुरमाचे की गादीचे. पादत्राणाची नोंद ठेवावी, पण त्यावरून निष्कर्ष काढण्याचे वचन देऊ नये.

मैदानाच्या प्रश्नाला आपल्याकडे इतिहासही आहे. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले, तेव्हा लाल मातीत घडलेल्या या मल्लाला गादी परकी होती. तिथे त्यांना सहावा क्रमांक मिळाला आणि चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक. आज जिल्ह्याच्या मातीवर सराव करून गादीवर सामना खेळणाऱ्या मुलांचेही तसेच आहे. गादीवर पायाची पकड जास्त असते. पाऊल रोवले जाते, पण शरीर वळत राहते. त्यामुळे घोट्यावर ताण वाढतो की मऊपणामुळे कमी होतो, हे आधीच ठरवून टाकण्यापेक्षा मोजलेले बरे.

कोणत्या मोजमापावर निकाल ठरवायचा, हे माहिती गोळा करण्यापूर्वी लिहून ठेवावे लागते. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या १,८९२ मुलींवर फुटबॉलच्या सरावपूर्व व्यायामांचा मोठा अभ्यास झाला. टोर्ब्योर्न सोलिगार्ड आणि सहकाऱ्यांनी तो २००८ साली प्रसिद्ध केला. पायाच्या दुखापतींचे प्रमाण हेच आमचे मुख्य मोजमाप, असे त्यांनी आधी जाहीर केले होते. व्यायाम करणाऱ्या क्लबांत ते इतरांच्या ०.७१ पट निघाले, पण अनिश्चिततेचा पट्टा ०.४९ ते १.०३ होता. त्यात १ येतो, म्हणजे 'फरक नाही' ही शक्यता पुरती खोडता आली नाही. गंभीर दुखापतींत घट स्पष्ट होती. ती त्यांनी सांगितली, पण मुख्य निकाल म्हणून पुढे केली नाही. मुख्य मोजमाप आधी लिहिलेले नसते तर लेखाचा सूर सहज बदलला असता.

मुले हाताळायची तर परवानग्याही आल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती लागतेच, शिवाय सात ते अठरा वयाच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते. पत्रक मराठीत हवे आणि पालकाला वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवायला हवे. नुसती मोजणी करणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. समोर दुखापत दिसल्यावर वहीत टिंब देऊन पुढे जाता येत नाही. मूल चार पावलेही टाकू शकत नसेल, किंवा घोट्याच्या उंचवट्याच्या हाडावर मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, तर क्ष-किरण चित्र काढायला पाठवावे. कॅनडात १९९२ साली तयार झालेल्या ओटावा नियमांचा हा गाभा आहे. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी असलेली कूर्चा कच्ची असते आणि लचक वाटणारी इजा प्रत्यक्षात तिथली असू शकते. अशा घोट्याला चोळणे टाळायला हवे. संशोधन पूर्ण होवो न होवो, एवढे तरी वीस शाळांत पोचेल.

वेळापत्रकाला जालन्याच्या बाबतीत विशेष अर्थ आहे. दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून बरीच कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि त्यांची मुले अनेकदा बरोबर जातात. मोजणी ऑक्टोबरात सुरू केली तर निम्म्यावर मुले नाहीशी होतील, आणि जाणारी व राहणारी मुले सारखी नसतात. म्हणून नैतिकता समितीची परवानगी उन्हाळी सुट्टीपूर्वी, शाळांच्या भेटी जूनच्या उत्तरार्धात आणि मोजणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. पावसाने सराव बुडेल ते दिवस हजेरीत शून्य म्हणून येतीलच. खर्चात वीस वह्या, झेरॉक्स, मोजपट्ट्या आणि एसटीचे भाडे, बाकी फारसे काही नाही.

प्रस्ताव सादर करण्यापूर्वी दोन कामे करून घ्यावीत. निकालाचे तक्ते रिकाम्या चौकटींसह आधीच आखावेत. जी चौकट कशाने भरणार हे सांगता येत नाही, तिच्याशी जोडलेला प्रश्न प्रश्नावलीतून काढून टाकावा. दुसरे, पाच क्रीडाशिक्षकांना दहा कल्पित प्रसंग लिहून द्यावेत. कुठे मुलगी पडली पण खेळत राहिली, कुठे मुलगा घरी पाय मुरगळून आला, कुठे दुखणे दोन दिवसांनी सुरू झाले. प्रत्येकाने एकमेकांना न विचारता ठरवायचे, ही नोंद करायची की नाही. दहापैकी ज्या प्रसंगांवर पाचांचे एकमत होत नाही, तेवढ्या ठिकाणी व्याख्या पुन्हा लिहायची आणि नवे दहा प्रसंग घेऊन बसायचे.